पिस्तुलावरचा क्रमांक

#थ्रेड #शस्त्रेतिहास #नागपूर

१/ १७ डिसेंबर १९२८. लाहोरमध्ये साँडर्सचा वध झाला. त्या वेळी भगतसिंगांच्या हाती .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल होते. फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेतून ते १९६९ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील संग्रहात आले आणि इतर जुन्या शस्त्रांमध्ये काळ्या रंगाच्या थराखाली निनावी होऊन पडून राहिले.

२/ २०१६ मध्ये तो रंग काढला गेला. खाली क्रमांक दिसला: १६८८९६. खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी तो जुळला आणि एका निनावी वस्तूला इतिहास परत मिळाला. आज ते पिस्तूल पंजाबात हुसैनीवाला येथील संग्रहालयात आहे. क्रमांक पुसला गेला असता, तर उरले असते केवळ काही ग्रॅम लोखंड.

३/ हा प्रसंग आठवण्याचे कारण आजच्या तरुण इतिहासप्रेमींचा एक आवडता प्रश्न. पहिल्या महायुद्धाच्या काळातील लष्करी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे परदेशात हौशी लोक माफक किमतीत जमवतात. मग नागपूरच्या तरुणाने ती का जमवू नयेत?

४/ परदेशातील चित्र खरे आहे, पण अर्धे. रशियाचे १८९५ सालचे सात गोळ्यांचे नागां रिव्हॉल्व्हर सोव्हिएत कोठारांतून बाहेर पडले आणि अमेरिकेत एके काळी शंभर डॉलरांच्या आत मिळत असे. ब्रिटिशांचे वेब्ली मार्क ६ हे १९१५ मध्ये स्वीकारलेले, .४५५ बोअरचे, मधोमध मोडून उघडणारे, सुमारे ११०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हरही तेथे युद्धोत्तर विक्रीत स्वस्तात गेले.

५/ या स्वस्ताईची किंमत मात्र त्या वस्तूंनीच मोजली. .४५५ ची काडतुसे अमेरिकेत सहज मिळत नसत. म्हणून विक्रेत्यांनी असंख्य वेब्लींच्या चक्रांची मागची कड तासून त्यांत .४५ ची अमेरिकी काडतुसे बसवण्याची सोय केली. ज्या रूपात ते शस्त्र खंदकात वापरले गेले, ते रूप कायमचे गेले. आज अभ्यासक न तासलेली वेब्ली शोधत फिरतात.

६/ भारतात परिस्थिती उलटी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करणे जवळपास अशक्य झाले. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या परवानाधारक विलायती रिव्हॉल्व्हरांच्या किमती लाखांत गेल्या. परदेशात ज्याला ‘परवडणारा छंद’ म्हणतात, तो येथे धनिकांचा झाला.

७/ पैसा असला, तरी कायदा आहे. .३८ आणि .४५५ बोअरची रिव्हॉल्व्हरे तसेच ९ मिलिमीटरची पिस्तुले निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक ब्रिटिश लष्करी हातशस्त्रे त्यातच आली. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. वारशाने आलेली शस्त्रेही त्याच मर्यादेत.

८/ सवलती आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील ४५ वे कलम कालबाह्य बनावटीच्या वा पुरातन मूल्याच्या, पण दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्रांना वगळते. २०२० च्या नियमदुरुस्तीने ‘क्युरिओ’ वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यास परवान्यातून सूट दिली. वापर आणि वाहतूक यांसाठी मात्र परवाना हवाच. आपले शस्त्र कोणत्या वर्गात बसते, हे घरच्या घरी ठरवण्याची बाब नव्हे. नागपूर शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालयाचीच पायरी चढावी लागते.

९/ या कायद्याचा पूर्वज १८७८ चा. लिटनच्या राजवटीतील त्या कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना मोकळे सोडले. नागपूरने त्या अन्यायाला उघड आव्हान दिले होते. १९२७ मध्ये मंचरशा आवारी यांनी येथे शस्त्र सत्याग्रह केला. शस्त्रे उघडपणे हाती घेऊन मिरवणुका निघाल्या. आवारींना तुरुंगवास झाला. त्यांनी तेथे दीर्घ उपोषण केले.

१०/ गांधीजींनी या चळवळीला पाठिंबा दिला नाही. शस्त्र मिरवणे आणि सत्याग्रह यांचा मेळ त्यांना मान्य नव्हता. पण १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला. नियम हवेत, वंशभेद नको, हा त्याचा मथितार्थ. म्हणून आजचा कायदा गुलामगिरीचा अवशेष आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. आजचा नियम सर्वांना सारखा आहे, आणि माणूस मारू शकणाऱ्या वस्तूवर तो असलाच पाहिजे.

११/ मग इतिहासप्रेमीने काय जमवावे? उत्तर पुन्हा क्रमांकापाशी येते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि कंपनीकडे त्याची नोंद होती. पुढच्या अनेक घटनांत सापडलेली पिस्तुले त्याच लुटीतील आहेत, हे पोलिसांना त्या नोंदीवरून कळले.

१२/ महाराष्ट्रातही तसेच. लंडनच्या इंडिया हाउसमधून चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईत आणली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तपास पिस्तुलांच्या मागावर थेट लंडनपर्यंत गेला. राज्यकर्त्यांनी फाशीसाठी केलेल्या नोंदी आज क्रांतिकारकांच्या इतिहासाचे साधन ठरल्या आहेत, हा काळाने उगवलेला सूड म्हणावा.

१३/ नागपूर परिसर या दृष्टीने समृद्ध आहे. कामठीची छावणी १८२१ ची. दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटची दुसरी बटालियन तेथे उभी राहिली. १९४६ मध्ये रेजिमेंटचे केंद्रही तेथेच आले. सीताबर्डीचा किल्ला आजही लष्कराकडे आहे. अशा मुलखातील जुन्या घरांत एखाद्या पणजोबांचे सेवापुस्तक, पदक, चामडी म्यान किंवा कुलूपबंद रिव्हॉल्व्हर असणे नवलाचे नाही.

१४/ खरी हानी येथेच होते. परवानाधारक आजोबा जातात. नातवंडे शहराबाहेर असतात. भीतीपोटी शस्त्र ठाण्यात जमा होते, वर्षानुवर्षे पडून राहते आणि त्याचा शेवट बहुधा भंगारात होतो. शस्त्र जमा करणे योग्यच. पण त्याबरोबर ते कोणी, कोणत्या पलटणीत, कोणत्या आघाडीवर वापरले, ही माहितीही जाते, आणि ती जमा करून घेणारे ठाणे कोठेही नाही.

१५/ म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली शासनाची: जमा शस्त्रे नष्ट करण्यापूर्वी संग्रहालयाच्या जाणकाराने ती पाहावीत. १८६३ पासून उभ्या असलेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. निकामी केलेली आणि पूर्ण नोंद असलेली चार वेब्ली रिव्हॉल्व्हरे तेथे असणे हे चाळीस तिजोऱ्यांत दडलेल्या चाळिसांपेक्षा मोलाचे.

१६/ दुसरी तरुणांची. परवानाधारक वडीलधाऱ्यांच्या देखत, त्यांच्या संमतीने शस्त्राच्या खुणा टिपाव्यात. क्रमांक, कारखान्याचे नाव, वर्ष, सरकारी मालकीचा बाण. दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले दिसले, तर ते शस्त्र सरकारी सेवेतून अधिकृतपणे विकले गेले होते. सोबत परवान्याची प्रत, पगारपत्रक, छायाचित्र, आणि आजीच्या आठवणी तिच्याच शब्दांत. हा छंद वहीच्या किमतीत होतो.

१७/ कानपूरच्या कारखान्यात आजही .३२ चे रिव्हॉल्व्हर बनते. त्याची ठेवण जुन्या वेब्लीचीच. म्हणजे यंत्र पुन्हा घडवता येते. सुभेदाराने ते कमरेला लावून कोणता समुद्र ओलांडला, हे मात्र पुन्हा घडवता येत नाही. ते सांगू शकणारी माणसे आज नव्वदीत आहेत. वही उघडण्यास उशीर करू नये.

(समाप्त)