रॉथ खात्याची घाई आता नको
आपल्या मंडळातील अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. काहींना निवृत्तीनंतर बडोद्याला परतायचे आहे. तिथली निवृत्तीची बचत करमुक्त रॉथ खात्यात वळवली की ती रक्कम त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरून कर लागतो. २०१७ च्या कायद्याचे कमी दर २०२५ अखेर संपणार, म्हणून मध्यंतरी बरीच धावपळ झाली. जुलै २०२५ च्या कायद्याने ते दर कायम केले. तेव्हा आम्हाला वाटते, पगार थांबल्यावर आणि सोशल सिक्युरिटी सुरू होण्याआधी, उत्पन्न कमी असलेल्या वर्षांत थोडे थोडे वळवावे. परतणाऱ्यांनी मात्र जपून: तिथे करमुक्त असलेले रॉथ इथेही करमुक्त राहीलच असे नाही. शिवाय २०१८ पासून हा व्यवहार उलटवता येत नाही. दोन्हीकडचा कर जाणणाऱ्याला आधी विचारा.