ठेका रद्द झाला, मजुरीचे काय?

ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला, की प्रशासन ठेका रद्द करते. ते योग्यच आहे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 39 तो अधिकार देते आणि कलम 75 नुकसानभरपाईचा हक्क देते. रेल्वेच्या बांधकाम ठेक्यांत आधी सात दिवसांची नोटीस, मग 48 तासांची, त्यानंतर ठेका संपुष्टात आणि अनामत जप्त. प्रशासनाची सोय झाली. पण त्या ठेकेदाराकडे राबलेल्या मजुराचे काय?

थकलेली मजुरी मूळ मालकाने द्यावी व ठेकेदाराकडून वसूल करावी, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले होते. 2020 च्या संहितेनेही ही जबाबदारी कायम ठेवली आहे. म्हणजे ठेका संपला तरी देणे संपत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नोटिशीबरोबरच हजेरीपत्रके ताब्यात घ्या, जप्त अनामत तिजोरीत टाकण्याआधी मजुरी चुकती करा, नव्या ठेक्यात जुन्याच मजुरांना प्राधान्य द्या. रेल्वे असो वा टपाल, कायम कामगारांनी ही मागणी आपलीच मानावी. कंत्राटी बांधव एकटा पडला, तर दुबळी होते ती आपलीच एकजूट.