कोपीतल्या माणसांना मोजा

मा. महानिबंधक आणि जनगणना आयुक्त, भारत सरकार, यांस

२०११च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर तेव्हा माझी नेमणूक होती. आदल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही घरयादी केली. गल्ल्या फिरून नजरी नकाशा काढला, दारांवर गेरूने नंबर टाकले, भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, सगळं विचारून लिहिलं. तेव्हा घरं भरलेली होती.

फेब्रुवारीत त्याच गल्ल्यांत गेलो, तर दारामागून दार बंद. वर माझाच गेरूचा नंबर आणि खाली कडीला कुलूप. अशाच एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती, जवळ पाचेक वर्षांचा नातू. मुलगा आणि सून दिवाळी होताच ऊसतोडीला गेलेले. ‘त्यांची बी नावं लिवा की गुरुजी, घर त्यांचंच हाय,’ ती म्हणाली. मला लिहिता येत नव्हती. ९ ते २८ फेब्रुवारी हा गणनेचा काळ. त्यात जो एकही दिवस गावात नाही आणि परतणारही नाही, त्याची नोंद तो असेल तिथेच व्हायची. नियम योग्यच आहे, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. मी आजी आणि नातू अशी दोनच माणसं लिहिली. ‘ते जिथे आहेत तिथे लिहितील त्यांना,’ असं सांगून पुढच्या दाराकडे वळलो.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर त्या आजीचा मुलगा गावी आला. मी मुद्दाम गाठून विचारलं, तिकडे कोणी नाव लिहून घेतलं का? तो म्हणाला, ‘फडात कोण येतंय गुरुजी?’

तिथल्या प्रगणकाला मी दोष देत नाही. तोही माझ्यासारखाच एखादा शिक्षक असणार. त्याच्या हातातली घरयादी उन्हाळ्यातली, आणि ऊसतोड मजुरांची झोपडी, म्हणजे कोपी, उभी राहते हंगामाच्या तोंडावर. बांबू, पाचट, वरून ताडपत्री. हंगाम संपला की मोडायची. जी कोपी घरयादीच्या वेळी नव्हतीच, ती त्याच्या नकाशावर कुठून येणार?

साहेब, यंदाही तीच गाठ आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि माणसांची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, असं आपण जाहीर केलं आहे. १ मार्च २०२७ची मध्यरात्र हा गणनेचा संदर्भक्षण. म्हणजे घरं मोजताना आमची माणसं घरी, आणि माणसं मोजताना ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. बीडच्या डोंगरपट्ट्यातून अशी गावंच्या गावं उठतात.

ज्यांची नोंद राहून जाते त्यांचं काय होतं, हे आपल्याला मी सांगायला नको. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात धान्य किती लोकांना मिळणार, हे २०११च्या आकड्यांवर ठरलं. २०२१ची जनगणना झाली नाही, म्हणून आजही तेच आकडे चालतात. एकदा सुटलेलं माणूस किती वर्षं सुटतं, ते आम्ही पाहिलं आहे.

पण मला धान्याहूनही एका गोष्टीची जास्त तळमळ आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत आगाऊ घेतलेली उचल त्या कोयत्याच्या नावावर, आणि सही किंवा अंगठा बहुतेक नवऱ्याचा. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरू लागते, आणि त्या वहीत तिचं नाव नसतं. तिला वेगळं माणूस म्हणून लिहिणारा, तिचं वय, शिक्षण, काम तिच्या नावापुढे मांडणारा कागद म्हणजे जनगणनेचा. तोच तिच्यापर्यंत पोचला नाही, तर ती कष्टकरी म्हणून कुठे मोजली जाणार? आणि प्रगणक पोचला, पण उत्तरं मुकादमाने किंवा नवऱ्याने दिली, तर तिच्या कामापुढे ‘घरकाम’ पडेल. हे मी गावात कितीदा होताना पाहिलं आहे. प्रश्न तिलाच विचारला पाहिजे.

म्हणून विनंती अशी की, साखर कारखान्यांच्या भागात फेब्रुवारीत कोप्यांसाठी वेगळे प्रगणक नेमा. मजुरांच्या टोळ्या शोधणं अवघड नाही. कोणती टोळी कुठल्या शिवारात आहे, हे कारखान्याच्या शेती विभागाला आणि त्याच्या फडावरच्या माणसाला, चिटबॉयला, रोज माहीत असतं, कारण त्याशिवाय ऊस गाळपाला येतच नाही. त्यांच्याकडून ठिकाण घ्या, माहिती मात्र कोपीतल्या माणसांकडूनच घ्या. मुकादमाला बाजूला उभं करा. १९४८च्या कायद्याने ही माहिती गोपनीय आहे, ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे त्यांना त्यांच्या भाषेत आधी सांगा. उचल अंगावर असलेला माणूस कागद-पेन दिसलं की बिचकतो. दिवसा जाऊन उपयोग नाही, चुली पेटतात तेव्हा जा. मोबाइलवर स्वतः माहिती भरायची सोय चांगली आहे, पण दिवसभर कोयता चालवलेल्या हातांना ती पुरणार नाही.

२०११ला २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली होती. स्टेशनं, फुटपाथ, पुलांखालची जागा, सगळीकडे माणसं फिरली. तसाच एक फेरा उसाच्या फडांत व्हावा. त्या रात्री बाराच्या आत कोपीत जन्मलेलं बाळही या देशाच्या संख्येत आलं पाहिजे.

आणखी एक. यंदा जातही लिहिली जाणार आहे. आमच्या तांड्यांवरचे बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतात, कर्नाटकात अनुसूचित जातींत. बेळगावकडच्या फडात बीडचा बंजारा मजूर सापडला, तर त्याच्यापुढे काय लिहायचं याची स्पष्ट सूचना दोन्ही राज्यांच्या प्रगणकांच्या हाती हवी, आणि त्याची मराठी किंवा गोरमाटी समजणारं माणूसही सोबत हवं.

मी आता निवृत्त आहे. या कामाला माणसं कमी पडली तर मला बोलवा. प्रवासखर्च माझा मी करीन, टोळ्यांची बोली मला येते. ती आजी आता नाही. तिचा मुलगा आणि सून याही हंगामात कारखान्यावर जातील. या वेळी त्या दोघांची नावं लिहिली जावीत, एवढं मागणं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. बीड