उन्हात पळून, तहान मारून भरती होत नसते!

भरतीची तयारी करणारा एक तरी मित्र किंवा मैत्रीण तुमच्या ग्रुपमध्ये असणारच. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आपल्या हिंगोलीतच आहे, त्यामुळे वर्दीचं स्वप्न इथं लांबचं वाटत नाही. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 गुण मोठ्या धावण्याला. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. तेव्हा पळायला हवंच. माझं भांडण आहे ते मैदानावर फुकट मिळणाऱ्या दोन सल्ल्यांशी. 'उन्हात पळ, अंग तयार होतं' आणि 'पाणी पिऊ नको, सवय लाव.'

आता शरीराचा हिशोब बघा. पळताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, त्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता होऊन बसते. ती बाहेर काढायला मेंदूतला हायपोथॅलॅमस त्वचेकडचं रक्त वाढवतो, घाम सोडतो. पण अंगात रक्त असतं पाचेक लिटर. पायांना ते ऑक्सिजनसाठी हवं, त्वचेला उष्णता टाकायला हवं. मग हृदय ठोके वाढवतं, आतडी आणि किडनीच्या वाट्याचं रक्त कमी होतं, किडनी लघवी आटवून पाणी वाचवते. घरात लग्न निघालं की सगळ्यांच्या खर्चाला कात्री लागते ना, तसंच. या सांभाळासांभाळीला वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1926 मध्ये 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं. आपण ते दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि मैदानावर विसरतो.

जोरात पळताना तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो. तो भरून निघाला नाही की रक्त घटतं, त्वचेचा वाटा कापला जातो आणि ताप चढतो. शरीर 40 अंशांच्या पुढे गेलं की हा सगळा कारभार बघणारा मेंदूच गडबडतो. पोरगा बरळतो, झोकांड्या खातो. बाजूचे म्हणतात, नाटक करतोय. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असंही नसतं.

उन्हाची सवय होते, हे खरं आहे. पण ती हळूहळू, साधारण दोन आठवड्यांत होते. त्यात शरीर रक्तातलं पाणी वाढवतं, घाम लवकर आणि जास्त सोडतं. म्हणजे सवय झालेल्याला पाणी कमी नाही, उलट जास्तच लागतं! तहानेची सवय मात्र कुणालाच होत नाही.

जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले, तेव्हा कुठे ते अंतर कमी झालं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या कार्यक्रमात तर माणसं पळत नव्हती, उन्हात नुसती बसली होती. तिथे 14 जण दगावले. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारचा सराव लावणाऱ्यांनी हे आठवावं.

मुलींचं तर आणखी वेगळं. कित्येक जणी मैदानावर जायच्या आधीपासूनच पाणी टाळतात, कारण तिथे स्वच्छतागृह नसतं, नाहीतर असून कुलूप असतं. याला कुठलं ट्रेनिंग म्हणायचं?

तुम्ही फी भरता, तर विचारा. सराव उन्हं चढायच्या आत संपतो का? पाणी, सावली, ओआरएस आहे का? मुलींच्या स्वच्छतागृहाची चावी कुणाकडे आहे? आणि कुणी बरळायला लागला तर त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला, त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही.