खोल बोअरवरील उपकर आणि आपले कर्तव्य

ज्याची जमीन त्याचेच तिच्याखालचे पाणी, ही समजूत आपल्या शेतकरीवर्गात फार खोल मुरलेली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील 1882 च्या ईझमेंट कायद्यानेही जमीनमालकाचा हा हक्क मान्य केला होता. परंतु तो काळ मोटेचा होता. बैलजोडी दिवसभरात जेवढे पाणी ओढील तेवढेच निघे, आणि विहिरीचा तळ दिसू लागला की मालकाला थांबणे भागच पडे. आज विजेच्या पंपाला थकवा ठाऊक नाही आणि बोअर घेणाऱ्या यंत्राला कातळाचे भय नाही. हक्क जुना राहिला, पण त्याला बांधून ठेवणारी मर्यादा नाहीशी झाली.

ही मर्यादा पुन्हा घालण्याचा सरकारी प्रयत्न म्हणजे महाराष्ट्र भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम होय. हा कायदा 2009 सालचा म्हणून ओळखला जात असला, तरी तो अंमलात आला 2014 साली. साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, ही त्याने खोल विहिरीची रेषा ठरविली. अधिसूचित क्षेत्रात नव्या खोल विहिरीस मनाई केली, आणि पूर्वीच्या खोल विहिरींतून शेती किंवा उद्योगासाठी होणाऱ्या उपशावर उपकर बसविण्याचा अधिकार दिला. 2018 साली नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा गावोगावी एकच प्रश्न निघाला : आपल्याच रानातल्या पाण्याचे पैसे आपण का द्यावे?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्या भूमीतच आहे. नांदेड व लातूर हे जिल्हे बहुतांशी काळ्या पाषाणावर वसले आहेत. दर पावसाळ्यात भरून निघते ते मुख्यतः मुरमाच्या आणि वरच्या सांधेफुटीच्या थरातील पाणी. त्याखालच्या कातळात भेगा विरळ, आणि तेथील साठा भरण्यास फार काळ लागतो. एकाने पाचशे फुटांची बोअर घेतली की पुष्कळदा शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर आटते. मग शेजारी कर्ज काढून सहाशे फुटांवर जातो. या चढाओढीत दोघेही नागवले जातात. सबब, पाणी माझ्या शेताखाली असले तरी ते माझ्या बांधाशी थांबत नाही, हे आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

या चढाओढीचा शेवट काय होतो, ते लातूरकरांनी पाहिले आहे. मांजरा धरण कोरडे पडले, बोअर आटल्या, आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली. त्याच जिल्ह्यात उसाचे फडही उभे होते, हे आपण विसरू नये.

म्हणून उपकराच्या तत्त्वास आमचा विरोध नाही. मात्र त्याच्या रीतीविषयी आमचा आग्रह आहे. पहिली गोष्ट, आकारणी उपशाप्रमाणे व पिकाप्रमाणे असावी. उसाला पाणी देणारी बोअर आणि तुरीला एक पाणी देणारी बोअर यांस एकच मोजमाप लावणे अन्याय होय, आणि आटलेल्या बोअरवर तर छदामही बसू नये. दुसरी गोष्ट, ज्या पाणलोटात उपकर गोळा होईल, त्याच पाणलोटात तो नालाबांध, पाझर तलाव व पुनर्भरण यांवर खर्ची पडावा. तिसरी, अधिसूचित क्षेत्रासाठी कायद्याने सांगितलेल्या पाणलोट समितीत प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांचा शब्द चालावा.

ही मागणी अवास्तव नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1949 साली भूजलसंवर्धनाचे स्थानिक जिल्हे स्थापण्याचा कायदा केला. तेथील बहुतेक मंडळे स्थानिक मतदार निवडून देतात. शेतीच्या पाण्यावर आकार एकर-फुटास एक डॉलरपर्यंत, तर इतर उपयोगास दहा डॉलरपर्यंत, अशी मर्यादा तेथील सर्वसाधारण कायद्यात आहे. एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभे राहील एवढे पाणी.

पण इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी एकरावर न वाटता माणशी वाटले आणि ऊस वर्ज्य केला. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी शेतीसाठी बोअर घेणे स्वतः होऊन बंद केले. या बंधनांचे ओझे त्या गावांस वाटले नाही, कारण ती त्यांनीच घालून घेतली होती.

बंधुहो, केवळ हरकतीचे अर्ज लिहून आपले काम संपत नाही. प्रत्येकाने दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा वैशाखात आपल्या विहिरीची पातळी दोरीने मोजून वहीत लिहावी, आणि गावाने त्या वह्या एकत्र पहाव्या. आपल्या पाण्याचा हिशेब आपल्यापाशी असेल, तरच समितीत आपल्या शब्दाला वजन येईल. हिशेब आपण ठेवला नाही, तर तो दुसरा कोणी ठेवील, आणि मग आकारही तोच ठरवील.