आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालेल असं फळांचं मूस आणि पुडिंग

बेकरीच्या काचेच्या कपाटात मँगो मूसचे कप ओळीने मांडलेले दिसतात. मुलांच्या हट्टाने चार-सहा कप घरी येतात आणि आजी हमखास विचारते, "यात अंडं आहे का गं?" उत्तर कुणालाच नक्की माहीत नसतं. मग आजी वाटीभर दहीसाखर खाते आणि तिचा कप नातू संपवतो.

आजीचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. मूस हा फ्रेंच शब्द, अर्थ फेस. (आपल्याकडची मूस म्हणजे सोनाराची; तिचा इथे संबंध नाही!) पारंपरिक फ्रेंच पद्धतीत हा फेस बऱ्याचदा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागापासून येतो आणि तो टिकावा म्हणून अनेक ठिकाणी जिलेटिन घालतात. जिलेटिन प्राण्यांची कातडी आणि हाडं यांच्यापासून बनतं. शाकाहाराचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसांना कच्चं अंडं देणं बरं नव्हे. म्हणूनच हा पदार्थ घरी करण्यात खरा फायदा आहे. अंडं नको, जिलेटिन नको, ओव्हनही नको. दात नसलेल्या आजोबांनाही तो सहज खाता येतो.

मग घरी केलेलं मूस कधी पातळ का राहतं, पुडिंग कधी फाटतं किंवा कडू का लागतं? बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. प्रत्येक फळाचा स्वभाव वेगळा असतो आणि आपण सगळ्यांना एकाच कृतीत बसवू पाहतो.

सुरुवात आंब्याने करू, कारण तो सगळ्यांत समजूतदार आहे. हापूस मिळालाच पाहिजे असं काही नाही. बडोद्यात केसर, लखनौत दशहरी, हैदराबादेत बंगनपल्ली, जो गोड आणि बिनरेषेचा असेल तो घ्या. रेषा असतील तर रस चाळणीतून गाळा.

आंब्याचं मूस (6 लहान वाट्या)

साहित्य : दीड कप आंब्याचा घट्ट रस, पाव किलो चक्का, 200 मिली व्हिपिंग क्रीम, 4 मोठे चमचे पिठीसाखर, 1 लहान चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ.

कृती : आंब्याचा रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर 5-6 मिनिटं ढवळत आटवा आणि पूर्ण गार करा. ही पायरी बरेच जण गाळतात, पण मूस घट्ट होतं ते इथेच, कारण रसातलं जास्तीचं पाणी निघून जातं. चक्का पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा, म्हणजे गुठळी राहणार नाही. त्यात गार रस, लिंबू आणि मीठ मिसळा. मीठ वगळू नका. चिमूटभर मिठाने आंब्याची चव उठून येते.

आता क्रीम. टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या साध्या 'फ्रेश क्रीम'मध्ये साधारण 25 टक्के फॅट असतं आणि ते कितीही फेटलं तरी नीट फुलत नाही. फुलण्यासाठी 30 टक्क्यांच्या वर, शक्यतो 35 टक्क्यांच्या आसपास फॅट लागतं, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्या. काही व्हिपिंग क्रीम दुधाची नसून वनस्पती तेलाची आणि आधीच गोड असतात. ती पटकन फुलतात, पण मग साखर निम्मी करा. क्रीम, भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात तेवढंही पुरत नाही, तेव्हा परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात भांडं ठेवून फेटा. बीटर वर उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहून किंचित वाकला की थांबा. त्यापुढे गेलात तर तेच होईल जे रवीने घुसळताना होतं : लोणी!

फेटलेलं क्रीम तीन वेळा थोडं थोडं करून आंब्याच्या मिश्रणात घाला आणि उलथन्याने खालून वर असं हलक्या हाताने मिसळा. गोल गोल ढवळू नका, आत कोंडलेली हवा निघून जाते. वाट्यांमध्ये भरून 4 तास फ्रीजमध्ये ठेवा. चक्का असल्यामुळे जिलेटिनची गरजच पडत नाही. आम्रखंड करणाऱ्या घराला यातली निम्मी कृती आधीच येते म्हणा ना. व्हिपिंग क्रीम मिळालं नाही तर नुसत्या चक्क्यावरही चालेल. ते हलकं होणार नाही, पण चव कुठेही कमी पडणार नाही.

अननसाची गोष्ट निराळी. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं, त्यामुळे दुधात किंवा क्रीममध्ये ताजा अननस घातला की थोड्याच वेळात मिश्रण कडवट होतं आणि पाणी सोडतं. जिलेटिन तर त्याच्यासमोर गोठतच नाही. पपई आणि किवीचंही असंच. उपाय सोपा आहे, फळ शिजवा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस कधी त्रास देत नाही तो याच कारणाने, कारण तो आधीच तापवलेला असतो.

अननसाचं पुडिंग

2 कप अननसाचे बारीक तुकडे 4 मोठे चमचे साखर घालून 10 मिनिटं शिजवा आणि गार करा. अर्धा लिटर दुधातून अर्धी वाटी गार दूध काढून त्यात 4 सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. उरलेलं दूध पाव कप साखर घालून उकळा, कालवलेलं कॉर्नफ्लोअर धार धरून ओता आणि सतत ढवळा. घट्ट झालं की लगेच उतरवू नका, बुडबुडे येऊ लागल्यावर आणखी दोन मिनिटं शिजवा, नाहीतर पिठाचा कच्चा वास राहतो. शेवटी 1 मोठा चमचा लोणी घाला. काचेच्या भांड्यात तळाशी बिस्किटांचा चुरा, त्यावर कोमट पुडिंग, त्यावर अननस, असे थर द्या. फळ आंबट असतं, म्हणून गरम दुधात मिसळण्यापेक्षा थर देणंच सुरक्षित. गार करून 3 तास फ्रीजमध्ये ठेवा.

सीताफळाला मात्र आच सोसत नाही. गर शिजवला की त्याचा नाजूक वास जातो आणि चव बिघडते, म्हणून तो नेहमी शेवटी घालायचा. इथे चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, कामी येतं. ते समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे पूर्ण शाकाहारी असतं. 5 ग्रॅम चायना ग्रास पाऊण कप पाण्यात अर्धा तास भिजवून उकळा. एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत उकळायचं, कारण अर्धवट विरघळलं तर पुडिंगमध्ये रबरासारखे तुकडे लागतात. दुसरीकडे अर्धा लिटर दूध चवीपुरती साखर घालून उकळा, दोन्ही गरम असतानाच एकत्र करून गाळून घ्या. बोट सुखाने बुडवता येईल इतकं निवलं की 1 कप सीताफळाचा गर मिसळा. गर फ्रीजमधला थंडगार नको, नाहीतर चायना ग्रास तिथल्या तिथे गोठून गुठळ्या होतात. बिया हाताने किंवा चाळणीवर चोळून काढा, मिक्सर अजिबात नको. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्या भरडल्या जाऊ देऊ नका.

साखरेबद्दल एक सांगायला हवं. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून चाखताना 'किंचित जास्त गोड' वाटलं की प्रमाण बरोबर समजा. पण घरचं आहे म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. मधुमेह असलेल्यांना लहान वाटीच द्या, तीही डॉक्टरांनी घातलेलं पथ्य सांभाळून. त्यांच्या वाटीत साखर न घालता फक्त पिकलेल्या फळाची गोडी ठेवता येते. मिश्रणात साखर घालण्याआधी तेवढा भाग बाजूला काढला की झालं.

हे तिन्ही प्रकार आदल्या रात्री करून ठेवता येतात, फक्त झाकण घट्ट लावा, नाहीतर फ्रीजमधल्या कांदा-लसणाचा वास क्रीमला लागतो. दोन दिवसांत संपवा. चायना ग्रास आणि कॉर्नफ्लोअरची पुडिंगं फ्रीझरमध्ये ठेवू नका, बर्फ सुटल्यावर त्यांचं पाणी वेगळं होतं. आंब्याचं मूस मात्र उरलंच तर कुल्फीच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये टाका.