खरकटी भांडी आणि मजुरीचा भाव

कर्वेनगरातील एखाद्या सोसायटीच्या बाकावर सायंकाळी जमणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत एक विषय हटकून निघतो. मुलाकडे सहा महिने अमेरिकेत राहून आलेली गृहिणी तेथील रस्त्यांचे, बागांचे कौतुक करते आणि मग हळूच सांगते की, आपला मुलगा तेथे भांडी विसळतो, न्हाणीघर घासतो, कपड्यांच्या घड्या घालतो. या सांगण्यात अभिमान किती आणि खंत किती, हे ठरविणे अवघड. इतके शिकून अखेर हेच करावयाचे काय, असा प्रश्न त्यामागे असतो. सूनही तेच करते, याचा उल्लेख मात्र सहसा होत नाही.

हा प्रश्न कर्वेनगरात तरी पडू नये. पूर्वीचे हिंगणे बुद्रुक ते हेच. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथे आला. त्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी मिळविणाऱ्या पार्वतीबाई आठवले या अण्णासाहेबांच्या मेहुणी. १८७० साली जन्मलेल्या या विधवा बाई १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या. पन्नाशी जवळ आलेली, इंग्रजी जेमतेम आणि आहार शाकाहारी! इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी निधी मिळवावा, हा हेतू. पण आधी पोटाची सोय हवी. तेव्हा त्यांनी तेथील कुटुंबांत घरकामाची नोकरी पत्करली. ज्या समाजात विधवेने घराचा उंबरठा ओलांडणे हेच धाडस मानले जाई, त्या समाजातील स्त्रीने परक्यांच्या घरी मोलाने राबणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पण त्यांनी ती लपविली नाही; १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात तिची हकीकत सांगितली.

आजचा मुलगा तेथे भांडी घासतो, तो काही त्याला उपरती झाली म्हणून नव्हे. तेथे मजुरी महाग आहे. घरकामास माणूस ठेवावयाचा, तर त्याच्या तासाचा मोबदला मध्यमवर्गीयाच्या स्वतःच्या कमाईच्या मानाने जड जातो. म्हणून यंत्रे आली. परंतु यंत्रात भांडी रचावी लागतात, ती काढून जागेवर ठेवावी लागतात, आणि हे काम कोणी तरी करावेच लागते. पुण्यात अभियंत्याचे वेतन आणि मोलकरणीचे वेतन यांतील अंतर इतके मोठे आहे की, श्रमप्रतिष्ठेचा प्रश्न घरात उपस्थितच होत नाही. तोच मुलगा सुट्टीत घरी आला की चहाचा कप टेबलावर ठेवून उठतो. स्वभाव बदललेला नसतो. बदललेला असतो तो श्रमाचा भाव. काहींची सवय येथेही टिकते, नाही असे नाही. पण मग आईच त्यांच्या हातून कप काढून घेते.

अर्थशास्त्रानेही या कामाकडे फारसे नीट पाहिलेले नाही. गृहस्थाने आपल्या घरकामवालीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू यांनी १९२० साली ‘इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ मध्ये दाखविली. काम तेच राहते, वेतन तेवढे थांबते. भारतातील २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि असा भाग घेणारे पुरुष होते शंभरात जेमतेम सव्वीस.

उरलेला भार ज्या मोलकरणी उचलतात, त्यांनी याच शहरात १९८० साली संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हावयास त्यानंतर २००८ साल उजाडले. कल्याण मंडळ झाले. पण पगारी सुट्टी आणि पगारवाढ यांचा निकाल आजही बहुधा स्वयंपाकघराच्या दारातच लागतो. मुलाला परदेशात आठवड्याचे दोन दिवस सुट्टी असते, हे कौतुकाने सांगणाऱ्या घरातही मोलकरणीच्या महिन्याच्या दोन खाड्यांचा हिशेब भिंतीवरील कालनिर्णयावर खुणा करून ठेवलेला आढळतो.